शिट्टी माझ्याच डोक्यात वाजते म्हणे!

तीर्थस्वरूप दादा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी निम्मी अंगं या वेळी वजा धरावीत.) वहिनींचा गुडघा काय म्हणतो? तुमचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. नसेल गेला, तर तो निदान चारचौघांना ऐकू तरी येतो, एवढं समाधान माना. माझ्या नशिबी तेही नाही. तुमच्या बहिणीने (म्हणजे आमच्या हिने) तिकडे येऊन आपली बाजू मीठमसाला लावून सांगितलीच असेल. आता माझीही ऐका.

गेल्या महिन्यात दुपारी जेवून आडवा झालो, तर कुठूनशी शिट्टी ऐकू येऊ लागली. बारीक, एकसुरी, पडदा सैल झालेल्या हॉर्नसारखी. उभा जन्म मोटारींच्या कारखान्यात हॉर्न तपासण्यात गेला माझा. आवाजातलं मला कुणी शिकवू नये. लगेच शोध सुरू केला. आधी फ्रिज बंद केला (दूध नासलं, ते माझ्या माथी). मग भिंतीवरचं घड्याळ काढून तांदळाच्या डब्यात पुरलं. नळ आवळायला गेलो तर त्याची चावीच हातात आली. शिट्टी आपली चालूच! तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे काम वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं. त्यांच्याकडे माशांची काचपेटी आहे आणि तिच्यात हवा सोडणारा पंप. मी वर जाऊन त्यांना चांगलं खडसावलं. त्यांनी निमूटपणे पंप बंद केला, मी काचेला कान लावला, आणि तरीही शिट्टी! (मासे माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच चोर.)

तुमच्या बहिणीला विचारलं, तर म्हणते, "मला नाही बाई काही ऐकू येत." झालं, उलगडा झाला! घरात माणसं दोन, शिट्टी एक. एकाला ऐकू येते, दुसरीला नाही. मग कान कुणाचे गेले? शेंबडं पोरही सांगेल. त्या दिवसापासून मी तिच्याशी, निव्वळ मायेपोटी, ओरडून आणि हातवारे करून बोलू लागलो. ती "अहो, हळू" म्हणायची. पण बहिऱ्या माणसाला आपलं बहिरेपण कबूल नसतंच, म्हणून मी आवाज आणखी चढवला. शेवटी तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. (हो, तिलाच.) तिथे बाकावर ताटकळलेल्या मंडळींचा गैरसमज नको म्हणून मी सगळ्यांना सांगून टाकलं, की हिचे कान कामातून गेलेत, पण स्वभावाने बरी आहे. आणि आपल्या पाठीमागे बोललं असं तिला वाटू नये, म्हणून तिलाही ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. यात माझं काय चुकलं?

डॉक्टर म्हणजे कालची पोर. तिने आधी तुमच्या बहिणीला काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि मग, आलाच आहात तर, म्हणून मला. मग म्हणाली, "काका, काकूंचे कान उत्तम आहेत. बारीक आवाज ऐकणारे कान तुमचे गेलेत. शिट्टी तुमच्या डोक्यात वाजतेय."

दादा, माझ्या डोक्यात! वर तिने चित्र काढून समजावलं. कानाकडून मेंदूकडे निरोप नेणाऱ्या पेशी म्हणे एकमेकींना चिकटून नसतात, मधे फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, दुसरी ते झेलते. एक रसायन "बोल" म्हणतं, दुसरं "गप्प बस" म्हणतं, आणि या दोघांच्या तोलावर आपलं ऐकणं चालतं. हॉर्नांनी माझा कान झिजवला, खालून बारीक आवाजाचे निरोप येईनासे झाले. तेव्हा वरच्या पेशींनी काय करावं? गप्प बसवणारं रसायन कमी केलं, कान टवकारले, आणि निरोप नसताना आपल्याच मनाने बोलायला लागल्या! संतापाने मी लालबुंद झालो. आमच्या खात्यात सरकत्या पट्ट्यावरून हॉर्न आला नाही तर माणूस रिकामा बसायचा. स्वतःच्या तोंडाने पीं-पीं करून काम दाखवायची लाज होती आम्हाला. बातमी नसेल तर बातमी बनवायची, हे उद्योग माझ्या डोक्यात, माझ्याच रक्तावर पोसून? मी डॉक्टरला बजावलं, की त्या गप्प बसवणाऱ्या रसायनाची बाटली द्या, आत्ता पितो. तर म्हणे, तसं औषध अजून नाही.

घरी येऊन तुमच्या बहिणीने पिशवी भरली. दारात वळून एवढंच म्हणाली, "आता तुमच्या पेशीच बोलतील तुमच्याशी."

बोलताहेत, दादा. अखंड बोलताहेत. घर गप्प झाल्यापासून शिट्टी दुप्पट झालीय. माझा कुणावर राग नाही. (आहे, पण तो पेशींवर.) माझं उत्तम चाललंय, भात करपतो तो गॅसच्या दोषाने. वहिनींना नमस्कार.

आपला मेहुणा

ता.क. : डॉक्टरने सांगितलंय, की शांततेत बसू नका, घरात बोलण्याचा आवाज असू द्या, म्हणजे मेंदू हळूहळू शिट्टीकडे दुर्लक्ष करायला शिकतो. रेडिओ लावून पाहिला. तो बोलतो, पण मी चिडलो तर वाद घालत नाही. तेव्हा केवळ औषध म्हणून तुमच्या बहिणीला पाठवाल का? औषध रोजचं आहे, असंही डॉक्टरने सांगितलंय. (रोजचं हा शब्द माझा.)

ता.क. दुसरा : पत्र तिच्या हाती देऊ नका, वहिनींना वाचून दाखवतोय असं दाखवा. ती शेजारच्या खोलीत असली तरी चालेल, आणि आवाज चढवू नका. तिला ऐकू येतं.