डावरे सरदार

५ जानेवारी, सोमवार

आष्ट्याचे विश्वजितराव पूर्वज घेऊन आले! चादरीत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर, सीटबेल्ट लावून. सरदार गुंडोजीराव. अडीचशे वर्षांपूर्वीचं अस्सल चित्र म्हणे. भावाभावांची वाटणी झाली, अस्सल थोरल्या सयाजींकडे जाणार, म्हणून यांना नव्या बंगल्यासाठी हुबेहूब नक्कल हवी. हातानंच रंगवलेली. "प्रिंट न्हाई चालायची म्याडम. प्रिंटला काय नमस्कार करायचा?" म्हणजे नकलेला करणार!

चौकटीवर कुंकवाचा थर. दर दसऱ्याला पूजा होते. सूचनांची यादीच दिली – जमिनीवर ठेवू नका, समोर चपला घालू नका. आणि जाताना हळूच, "जरा गोरं करा. आमचा सोफा क्रीम कलरचा हाय."

हुबेहूब, पण सोफ्याला शोभेल असं. कोल्हापूरला पाच वर्षं चित्रकला शिकले ती याचसाठी!

७ जानेवारी, बुधवार

अनवाणी रंगवतेय. फरशी नुसती बर्फ.

अब्बा आले, दारात उभे राहून चित्राकडे बघत बसले. उजेड अडला. म्हटलं, "अब्बा, बाजूला व्हा." झाले. एरवी "नक्कलच की!" एवढं तरी बोलतात. आज तेही नाही.

चाळीस वर्षं या माणसानं इस्लामपुरात दुकानांच्या पाट्या रंगवल्या. हात कापायला लागला तेव्हा ब्रश ठेवला. पण माझ्या कामाला 'बरंय' म्हणायला जीभ उचलत नाही! सरदारांच्या नमस्कारापेक्षा मला तेवढं एक हवंय. इथे लिहिते. तोंडावर कधी म्हणणार नाही.

१० जानेवारी

मिशी झाली. सरदारांपेक्षा तीच जास्त शूर दिसते.

१२ जानेवारी, सोमवार

तलवार उजव्या कमरेला! इतके दिवस रंगवतेय आणि आज लक्षात आलं. अंगरख्याचे बंदही भलत्याच बाजूला. विश्वजितरावांना फोन केला – चूक तशीच ठेवू की सुधारू?

"चूक कसली? डावरे हुते आमचे सरदार! आमचा शिवतेज बी डावराच हाय. रक्तातच हाय ते!"

संध्याकाळी शिवतेजचा डाव्या हाताने बॅट फिरवतानाचा फोटो आला. खाली लिहिलंय, 'वारसा'. बंदांचं विचारलंच नाही मी. शिंपीही डावरा असेल.

१५ जानेवारी, गुरुवार

अस्सल चित्रामागची फळी सैल झाली होती. काढून बघितली. कापडावर गिरणीचा शिक्का, आणि त्यात – पिनकोड! अडीचशे वर्षांपूर्वी पिनकोड! हसून हसून पोट दुखलं. दर दसऱ्याला कुंकू लावतात, परवा सीटबेल्ट लावला, आणि चित्र माझ्याच वयाचं!

शनिवारी न्यायला येतील तेव्हा फळी काढून दाखवणार. बघायचंच आहे मला ते तोंड.

अब्बांना सांगितलं – कुणीतरी पाटीवाल्यानं गंडवलंय त्यांना. अब्बांनी बशी खाली ठेवली. "सांगू नगंस," म्हणाले आणि उठून गेले. बास, एवढंच. पाटीवाल्यांची एकी!

१६ जानेवारी, शुक्रवार

काम संपत आलं की मी चित्र आरशात बघते. उलटं दिसलं की चुका डोळ्यांत भरतात. ही सवय अब्बांनीच लावलेली, मी लहान असताना, पाट्यांवर.

आधी अस्सलसमोर आरसा धरला. तलवार डाव्या कमरेला आली. बंद जागेवर आले. आणि डाव्या भुवईत तुटकी चीर. शिडीवरून पडल्याची. रोज चहा देताना बघते मी ती.

अब्बा! मिशी काढली की अब्बाच! आणि मी दहा दिवस त्या तोंडाला हसतेय.

आरसा हातात तसाच घेऊन बाहेर गेले. त्यांना कळलं.

"जुन्या चित्राचं तोंड वाळवीनं खाल्लं हुतं," म्हणाले. "बनुबाई, विश्वजितची आजी, रडत आल्या. त्यांची पोरं पलटणीत. म्हणल्या, ती सुट्टीला यायच्या आत नवं करून द्या, कुणाला कळू देऊ नगा. आता तोंड कुणाचं काढायचं? नाटकवाल्यांचा अंगरखा आणला, तलवार लावली अन् आरशात गावला त्यो काढला. ह्यात गंडवलं कुटं?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"बनुबाईला जबान दिली हुती."

मग आत आले. माझ्या चित्रासमोर किती वेळ उभे. मी उजेडाचं काही बोलले नाही. कापरं बोट भुवईपाशी नेलं, टेकवलं नाही.

"माझ्यापरीस बरं उतरलंय," म्हणाले.

इतकी वर्षं या एका 'बरं'ची वाट बघितली होती. ते गेल्यावर सरदारांना गोरं करायला चढवलेला रंग पुसून काढला.

१७ जानेवारी, शनिवार

विश्वजितराव आले. चपला बाहेर काढल्या, दोन्ही चित्रांना वाकून नमस्कार केला. गोरं केलं नाही म्हणून जरा कुरकुरले. फळीला मी हात लावला नाही.

चित्रं उचलून निघाले. दारातल्या पायरीवर अब्बा बसलेले.

"चाचा, जरा बाजूला व्हा. आमच्या सरदारास्नी धक्का लागंल."

अब्बा उठले. भिंत धरून बाजूला झाले. त्या बुधवारी मी सांगितल्यावर झाले होते, तसेच.