पदराआडची पंचफुला

९ नोव्हेंबर १९७६, वाशीम
किन्हीराजा गावच्या गरोदर बायांचं रक्त तपासलं. पंचफुलाचं चक्क लालभडक. गेल्या महिन्यात हीच पोरगी पांढरी फटक होती, उठता-बसता धाप. लोहाच्या गोळ्यांनी एवढ्यात एवढा फरक? छे. माझ्या मार्गदर्शक सरांना ट्रंक कॉल लावला. म्हणाले, "तुमचं संशोधन फळलं की!" सर लवकर खूश होतात, मला त्याचीच धास्ती. नर्स शांताबाईने नळ्यांची अदलाबदल केली असणार. दुसरं काय?

१२ नोव्हें.
शांताबाईला विचारलं. ताडकन उठली. "माह्यावर काहून शक घेता? तुमीच बोट टोचा." बरं, टोचते.

१६ नोव्हें., किन्हीराजा
टोचलं. पंचफुलाचा पदर हनुवटीपर्यंत. नाव विचारलं, सासू बोलली. नवऱ्याचं नाव बायको घेत नाही, तेही सासूनेच सांगितलं. अशी आमची ओळखपरेड! पोटाला हात लावू देईनात. "नजर लागते, बाई." रक्त पुन्हा उत्तम. म्हणजे शांताबाई खरी. मग खोटं कोण?
पापणी पाहायची म्हणून पदर वर केला. तिशीपलीकडची बाई. मला दर खेपेला चहा आणून देते तीच, पंचफुलाची थोरली जाऊ सत्यभामा!
रागात माझीही वऱ्हाडी सुटली. "पंचफुला कुठी हाये? अन् हे सोंग कायले?"
सासू खाली बघत म्हणाली, "माहेरी गेली. पयलटकरीन हाये. घरी नाई म्हनलं असतं तं तुमी गाडी घेऊन तिथंबी गेल्या असत्या."

१८ नोव्हें.
राग उतरला. आता भीती. शांताबाई म्हणते, दसऱ्यानंतर नसबंदीची गाडी आली आणि पंचफुलाच्या दिराला शेतातून उचलून नेलं. ती जीप सरकारी, माझीही सरकारी. त्यांना काय फरक कळणार? मीही माझी पोर लपवली असती. पण बाळंतपणात जरा जास्त रक्त गेलं की ही पोरगी हाती लागायची नाही. हे त्या सासूला कोण पटवणार!
सर फोनवर, "एका बाईनं काय होतंय? पेपर जाऊ द्या." सरांचाही संशय यायला लागलाय. बाकीच्या पदरांआड कोण कोण होतं, देव जाणे. पेपर थांबवला. चिडले. चिडू देत.

२२ नोव्हें., वाशीम
सत्यभामा बाजाराच्या निमित्ताने दवाखान्यात. एकटीच. घरच्यांना ठाऊक नसावं.
"खरं सांगा. या गोळ्यांनी कूस बंद होते ना?"
म्हटलं, लोह आहे, रक्त वाढतं.
"मंग खाऊन दाखवा." मी बाटलीकडे हात नेला. "त्यातली नोका. ह्यातली."
पदराची गाठ सोडली. पंचफुलाला दिलेल्या सगळ्या गोळ्या. एकही खाल्लेली नाही, माझे आई! तिने निवडून दिली, मी गिळली. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत बसली. मग पंचफुलाच्या माहेरचं गाव सांगितलं.
"यष्टीनं या. मी राह्यतो तिथं. गाडी नोका आनू."
मला बोलावून घेताहेत की दुसरीच कुणी बसवून ठेवणार आहेत?

२५ नोव्हें., पोहरादेवीकडे (गावाचं नाव लिहीत नाही)
सत्यभामा फाट्यावर उभी होती. घरात अंधार, कोपऱ्यात पोटुशी बाई, पुन्हा पदर. आधी मनात आलं, ही तरी तीच का? पापणी ओढली. कागदासारखी पांढरी. तीच! बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचीच किळस आली.
वाशीमला चल म्हटलं, रक्त चढवावं लागेल, बाळंतपण तिथेच करू. बाप दारातून, "दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करून टाकान." मी शपथ घेतली. काही होणार नाही म्हटलं.
पंचफुला पहिल्यांदाच बोलली. "माह्या दिरालेबी असंच म्हनलं होतं. काई होत नाई म्हने."
पिशवीतून गोळ्यांची बाटली काढली.
बाप म्हणाला, सकाळी सांगतो. मी राहतेय इथेच. निदान आजपासून गोळी तरी घे म्हटलं, तिच्या तळहातावर ठेवली. तिने तोंडात टाकली, वर पाणी प्याली. गिळली की गालात धरली, कळलं नाही. तोंड उघड म्हणायची माझी हिंमत झाली नाही.