गौर टेम्पोत आली

चि. राहुल,
आशीर्वाद. आता गप ऐक.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून आमच्या टेम्पोशेजारी, आमच्यासारख्याच गाडीत राहणाऱ्या अनुसूयाबाईंना लिहायला बसवलंय. पत्राचा फोटो त्या तुला पाठवतील.

"टेम्पोत कुठे गौर येते? यंदापासून आमच्याकडे द्या," म्हणालास ना? आली बघ! रेवदंड्याला मासळी निवडून आले, अंघोळ केली आणि टेम्पोच्या पायरीपर्यंत गौरीची पावलं काढली. तेवढ्यात जागेवाल्याने गाडी हलवायला लावली. तुझ्या बापूसने ती नारळीखाली नेली. मी तिथे पुन्हा पावलं काढली. गौर मुकाट आली. तुझ्यासारखी कुरकुरली न्हाय.

माझे गुडघे बरे आहेत. अनुसूयाबाई म्हणतात, "मी खोटं लिहिणार नाही." म्हटलं, तुम्ही लिहा, गुडघे माझे आहेत.

दिवाळीला काशीदला जाऊ, हॉटेलच्या चादरी धुवायला. काम जाईल तिथे टेम्पो जाईल, आणि गौरही.

माझ्या नातीचा, मृणालचा खोकला गेला का? उद्या तिला नि सूनबाईला घेऊन जेवायला ये. टेम्पोतच मांडीला मांडी लावून बसू. येताना मोठी ताडपत्री आण. टप गळत नाही हो, गौरीची साडी तेवढी भिजते.

गौर न सोडणारी,
तुझी आई