न शेकलेल्या तोटीचं पाणी

ती. ताईस नमस्कार, आणि छोटीच्या गालाचा एक पापा.

मी मजेत आहे. घरोघरी जाऊन नळाचं पाणी बाटलीत भरायचं, प्रयोगशाळेत तपासायचं आणि अहवालावर सही करायची, एवढंच काम. जेवण वेळेवर होतं, आईला सांग. तिचे गुडघे कसे आहेत?

नमुना घ्यायची पद्धत ठरलेली आहे. तोटीवरचे जंतू मरावेत म्हणून स्पिरिटचा बोळा पेटवून ती शेकायची, तीन मिनिटं पाणी सोडून द्यायचं, मगच बाटली भरायची. गेल्या आठवड्यात एका घरातल्या आजी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "बाई, आम्ही काय रोज तोटी भाजून पाणी पितो होय?"

मला हसू आलं. मग कळलं, त्यांच्या नातवाचं पोट आठवडाभर बिघडलंय. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन तोटी न शेकता, पहिल्या धारेचीच बाटली भरली. आधीची पास झाली, ही नापास. साहेब म्हणाले, "नियमाबाहेरची बाटली नोंदवायची नाही. करा सही." आणि या मेल्या हाताने मी केली.

तेव्हापासून काही सुचत नाही. खोलीवर पाणी उकळते, गार झालं की पुन्हा उकळते.

तू विचारलंस, छोटीला इथलं पाणी बाधणार नाही ना? अहवालात पाणी उत्तम आहे. तरी तिला एवढ्यात आणू नकोस.

हे तुला लिहिलं आणि हात थांबला. त्या आजींना मी अजून काहीच सांगितलेलं नाही. आता तिकडेच निघालेय, पत्र वाटेत पेटीत टाकते.

तुझीच,
धाकटी