वडाखालचे खाचर आणि सहा सेलांची बॅटरी यांची व्यवस्था

लिहून ठेवते मी, पारूबाई श्रीपत ठोंबरे, वय बासष्ट, धंदा शेती, राहणार कडाव, तालुका कर्जत, जिल्हा रायगड. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. तेवढी हिंमत एकाच माणसात होती, माझ्या नवऱ्यात, आणि तो कधीच गेला. ज्याला माझ्या बुद्धीची शंका असेल त्याने बॅटरीचे सहा सेल माझ्यापुढे ठेवावेत, त्यातला कामचुकार कोणता ते मी दाखवून देईन. मी सांगते आणि भिवाजी गायकवाड लिहितात. मधूनच ते म्हणतात, "वहिनी, हे मृत्युपत्रात बसत नाय." मी म्हणते, बसवा.

कलम १. राहते घर मुलगा वाल्मिक व सून सुंदरा या दोघांना सारखे. वाल्मिक बोटीवर कामाला असतो, घरी येतो तो पाहुण्यासारखा. म्हणून किल्ली सुंदराच्या कमरेला राहील.

कलम २. वडाखालचे खाचर. हे माझ्या बापाने मला चोळीबांगडीला दिले, सातबारा माझ्या नावावर आहे. ठोंबऱ्यांपैकी कोणाचा त्यात ढेकळाएवढाही हक्क नाही. गावदेवीच्या जत्रेला बैलगाड्यांच्या शर्यती याच खाचरात होतात. शर्यतीच्या बैलाला आणि गाडीला बाईने हात लावायचा नाही, असा आमच्याकडे नेम आहे. वर्षभर बैलांना पेंड मी घालायची, त्यांचे शेण मी काढायची, आणि त्या दिवशी माझ्याच खाचराच्या बांधापलीकडे पदर सावरून उभी राहायची. याचा मला राग होता आणि अजून आहे.

वाल्मिकने जपानहून दोन छोट्या मोटारी आणल्या. मोठ्या खरबरीत चाकांच्या, मातीत उड्या मारत पळणाऱ्या. हातात रेडिओची पेटी धरून त्या लांबून चालवायच्या. पोटात चार्ज करायची बॅटरी. एक त्याने घरी ठेवली, दुसरी काकाला, म्हणजे माझे दीर बुधाजी यांना दिली. भावजी शर्यत कमिटीचे प्रमुख. खालापूरकडच्या फार्महाऊसवाल्यांकडेही असल्या गाड्या निघाल्या, तेव्हा जत्रेच्या दुसऱ्या दिवशी त्यांचीही शर्यत लावायचे ठरले. अर्थात माझ्याच खाचरात.

आमची गाडी सुंदरा चालवते. पोरीचा हात असा, की बांधावरून उडालेली गाडी चारही चाकांवर उतरवते. बॅटरी मी बघते. ही विद्या मला नवऱ्याने दिली, पण बैलांच्या रूपाने. तो म्हणायचा, "पारू, जोडी घेताना जोर नको बघू, मिळणी बघ. एक दमला का दुसऱ्याला बी बसवतो." सेलांचेही तेच. वाल्मिकने आणलेल्या तीन बॅटऱ्या मी फोडल्या. एकेक सेल छोट्या बल्बाला जोडून ठेवला. ज्यांचे बल्ब बरोबरीने मंद झाले असे सहा निवडून त्यांची एक बॅटरी बांधून घेतली. गावात विजेचा भरवसा नाही, म्हणून ती ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून चार्ज करते. पोराचा ताप बघावा तसा पालथा हात लावायचा, कोमट लागली की काढायची. पळून आलेल्या बैलाला धापा टाकत असताना पाणी दाखवत नाहीत, तशी गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही. आधी वडाच्या सावलीत निवू द्यायची.

बुधाजी भावजींनी फार्महाऊसवाल्याकडून नवी मोठी बॅटरी मिळवली. मला दाखवत म्हणाले, "वहिनी, सात सेल हायेत! तुमची सहाची गाडी आमचा धुरळा खानार."

मी म्हटले, "भावजी, सात बैल जुंपले म्हनून गाडी पळत नाय."

ह्या साली पहिल्या फेरीत त्यांची गाडी सुसाट गेली. शेवटच्या फेरीपूर्वी त्यांनी ती तापलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावली. मी ओरडून सांगितले, पण बाईचे ऐकायचे कसे? त्या फेरीत सरळ वाटेवर ते पुढे होते. वडापाशी वळताना गाडी हळू झाली, आणि चिखलात रुतलेल्या रेड्यासारखी उभीच राहिली. सुंदरा शेजारून निघून गेली आणि जिंकली. बायका बांधापलीकडून ओरडत होत्या. मी रडले, हे लपवत नाही.

जिंकणाऱ्याला मिळते ते निशाण सुंदराच्या हातात होते. भावजी आले आणि त्यांनी ते काढून घेतले. म्हणाले, "बाईचा हात लागला त्या गाडीला निशान नाय मिलत. बैलाचा नेम तोच हिचा नेम." सुंदरा म्हणाली, "आत्या, जाऊ द्या." मी जाऊ देणार नाही.

म्हणून वडाखालचे खाचर एकट्या सुंदराला. तिने ते विकू नये. जत्रेला जरूर द्यावे, पण ज्या वर्षी तिला किंवा गावातल्या कोणा बाईला गाडी पळवू देणार नाहीत, त्या वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी खाचर नांगरून विहिरीचे पाणी सोडावे. मग बैलही पळणार नाहीत. देवी कोपेल म्हणून कोणी भीती घालील. देवी बाईच आहे, ती बघून घेईल.

कलम ३. गाडी, रेडिओची पेटी आणि सहा सेलांची बॅटरी सुंदराला. सातव्या सेलाचा मोह धरू नये. एक जरी सेल मंदावला तरी सगळे पुन्हा बल्बावर तपासावेत.

कलम ४. दीर बुधाजी यांना दोन वस्तू. एक, माझ्या नवऱ्याचा आसूड. बैलाचाच नेम लावायचा तर गाडीला मारायला तो लागेल. दुसरी, माझ्याकडचा सर्वांत आळशी सेल. तो त्यांनी कमिटीवर घ्यावा.

कलम ५. व्यवस्था पाहणारे म्हणून भिवाजी गायकवाड यांना नेमते. निशाणाजवळ उभे राहायची बंदी काय असते ते त्यांना मी सांगायला नको. दहाव्याला त्यांनी नदीवर हजर राहावे. ते म्हणतात, "वहिनी, आमी बौद्ध. आमच्यात पिंड नाय, कावला नाय. मी थितं काय करू?" तुम्ही फक्त लक्ष ठेवा.

कावळा पिंडाला शिवला नाही, तर कोणी "घरदार सांभाळू" वगैरे बोलू नये. ते सुंदरा सांभाळतेच. बुधाजी भावजींनी पुढे येऊन सगळ्यांदेखत म्हणावे, "वहिनी, निशान सुंदराचं." आणि निशाण तिथेच तिच्या हातात द्यावे. पुटपुटलेले चालणार नाही. दर्भाचा कावळा करून भागवू नये. ऊन चढेल, माणसे भुकेजतील, जेवणे खोळंबतील. खोळंबू द्या. बांधापलीकडे उभे राहायची मला जन्माची सवय आहे.

वरील मजकूर वाचून दाखवला, तो माझ्या बोलण्याप्रमाणे आहे. एक अक्षर कमी करू दिलेले नाही.

सही: पारूबाई श्रीपत ठोंबरे

साक्षीदार:
१. पांडू नवशा मसणे, कडाव (सही)
२. पुतळाबाई कमळ्या कडू, कडाव (डाव्या हाताचा अंगठा)

लिहिणार: भिवाजी गायकवाड

मुक्काम कडाव, ता. १९ मार्च १९८९