सान अँतोनियोच्या गाई

गोया, कोरिएन्तेस
४ ऑक्टोबर १९६८

चि. इरुपेस, ताईचे अ. उ. आ.

आईच्या डब्यात उरलेल्या भोपळ्याच्या अकराही बिया रुजल्या! घरात आता एकही बी शिल्लक नाही, म्हणून पापा माते चहाच्या भांड्याची नळी तोंडात धरून दिवसभर वाफ्याशी ठाण मांडून असतात. परवा रोपांवर सान अँतोनियोच्या गाई उतरल्या. डाळीच्या दाण्याएवढे ते भुंगेरे, हिरव्या पंखांवर पिवळे ठिपके. पापा हरखले. म्हणाले, हा शकुन तुमच्या आईनेच पाठवला, कोणी हात लावायचा नाही. वर म्हणतात, लग्नं जुळवणारा संत दारी आला, आता इरुपेला, तिच्या जिभेपुढे टिकेल असा बहिरा का होईना, नवरा मिळणार.

पानांची मात्र चाळण होते आहे. बोलले तर म्हणतात, गाई चरणारच. मला काही सुचत नाही गं. तब्येतीला जप, ताईवर माया ठेव.

— डेल्फिना

रोसारिओ
८ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र रोपवाटिकेत कामावरच वाचलं आणि हातातलं काम टाकून लगेच लिहायला बसले. ताई, शकुनाची गाय ती लाल, पिकावरची मावा कीड खाणारी. नाव एकच, पण ही हिरवी गाय पानं कुरतडते, मातीत अंडी घालते आणि तिच्या अळ्या खालून मुळं खातात. तायुयाच्या वेलीचा कडू कंद खणून आण, फोडी करून वाफ्याभोवती ठेव. कडूवर त्यांचा फार जीव. गोळा झाल्या की साबणाच्या पाण्यात बुडव. पापांशी वाद नको, दुपारी त्यांचा डोळा लागला की उरकून घे. नवऱ्याचं नंतर बघू, आधी आईचा भोपळा वाचव. उत्तर येईपर्यंत जिवाला घोर आहे. तुझा लोभ आहेच, तो असाच असू दे.

— इरुपे

गोया
१६ ऑक्टोबर

चि. इरुपेस, बापाचे आशीर्वाद.

या वेळी मीच लिहितो; डेल्फिना माझ्याशी बोलत नाही. दुपारी तिला गाई बुडवताना पकडलं. भांडं लाथेने उडवलं, नाही नाही ते बोललो. तिने तुझं पत्र पुढ्यात टाकलं. मी म्हटलं, शहरातली पोर आता संताला त्याची गुरं ओळखायला शिकवणार! आणि कंदाच्या फोडी कुंपणापार भिरकावल्या.

चार दिवसांत दहा रोपं गेली. दहावं उचललं तर खाली मूळच नव्हतं.

अकराव्याला तीन पानं आहेत. काल कंद मीच खणून आणला, आज सकाळपासून गाई नखाने चिरडतो आहे. ताईला लिही, बापाशी बोल म्हणावं.

रंग मला दिसत होता, पोरी. पण तुझी आई गेल्यापासून तिच्याकडून दुसरं काहीच आलं नव्हतं.

म्हाताऱ्यावर राग धरू नकोस, माया असू दे.

— पापा