मध्यांतरापर्यंतचा समीक्षक

१ मार्च, सकाळी ७
आजपासून मी चित्रपट समीक्षक. मेहुण्याच्या चष्म्याच्या दुकानातून महिन्याची रजा घेतली. मेहुणा म्हणाला, "दाजी, जा खुशाल. स्टूल तुमचंच आहे." टोमणा होता. दुर्लक्ष केले.
हिची अट: महिनाअखेर पेपरात कायमचा कॉलम, नाहीतर पुन्हा दुकान. महिना जरा जास्तच होतो.

२ मार्च
समीक्षकाला चेहरा लागतो. आरशासमोर दोन तास नाराज राहण्याचा सराव. हिने विचारले, "पोट दुखतंय का?" म्हणजे जमले.

६ मार्च
संपादकांना भेटलो. त्यांचे समीक्षक रिटायर झालेत. तीन परीक्षणे लिहा, पसंत पडली तर शुक्रवारचा कॉलम तुमचा, म्हणाले. मला पाहताच त्यांचे ठरले असावे. तसे दाखवले नाही.

१२ मार्च
पहिला प्रेस शो. शेजारी एक ज्येष्ठ समीक्षक. प्रत्येक चित्रपटाला अडीच स्टार देतात, म्हणून त्यांचे नावच अडीच स्टार. बावीस वर्षे याच्यावरच घर चालवले, मुलीला दंतवैद्य केले. मला गुरुमंत्र दिला: "मध्यांतरात उठायचं. शितावरून भाताची परीक्षा. आणि दुसरं, सगळ्यात महत्त्वाचं..." तेवढ्यात सँडविचचा ट्रे आला. मी उठलो. दुसरे राहिले. एक पुरे.

१३ मार्च
छापून आले! नाव चुकलेय, मजकूर निम्मा. ही म्हणाली, "निम्माच पाहिलात ना, मग हिशेब बरोबर."

२० मार्च
दुसरे परीक्षणही आले. दुधवाल्याने वाचले नाही, पण पेपर घेतो म्हणाला.

२५ मार्च
रहस्यपटाचा प्रेस शो. श्रेयनामावली नाही, ओळखपाळख नाही, थेट पाठलाग. दहाव्या मिनिटाला डॉक्टर खुनाची कबुली देतो. आसपास कुजबुज. मी समजल्यासारखी मान हलवली. मध्यांतराला पडद्यावर चक्क 'समाप्त' आले. धाडसी दिग्दर्शक!
अडीच स्टार उठले, मीही उठलो. ऑपरेटर केबिनमधून "बसा, बसा" म्हणून हातवारे करत होता. ओळख वाढवायची असेल. एवढा वेळ कुणाला?

२७ मार्च, सकाळी
माझे शीर्षक जसेच्या तसे: 'डॉक्टरच खुनी, हे दहाव्या मिनिटाला कळते, मग उरले काय?' एक स्टार. कॉलम नक्की.

संध्याकाळी ६
ही तिकीट काढून तोच चित्रपट पाहून आली. म्हणाली, "अहो, डॉक्टरच खुनी हे मध्यांतरानंतर कळतं! आणि तो पडद्यावर आला की अख्खं थिएटर 'हाच तो, हाच तो' ओरडत होतं." ओरडणारे माझे वाचक. आणि माझे परीक्षण वाचून निर्मात्याने दुपारपर्यंत चित्रपटच बदलला! इतका दरारा अपेक्षित नव्हता.

२८ मार्च
संपादकांचा फोन. ऑपरेटरने चुकून दुसरा भाग आधी लावला होता. 'समाप्त'नंतर माफी मागून पहिला भाग दाखवला. निर्माता सकाळपासून ऑफिसात ठाण मांडून बसलाय.
मी म्हणालो, "अडीच स्टारही उठले होते!" संपादकांनी त्यांचे परीक्षण वाचून दाखवले: 'छायाचित्रण डोळ्यांना सुखावते. अडीच स्टार.' कथेबद्दल चकार शब्द नाही.
दुसरा मंत्र हा होता तर. सँडविचही धड नव्हते.

३० मार्च
संपादक रागावतात, मग फोन करतात. वाट पाहिली. अकराला फोन आलाच! घसा साफ केला. त्यांनी विचारले, "वहिनी आहेत का?"
हिने त्यांना पत्र पाठवले होते म्हणे. दोन्ही भागांबद्दल चार ओळी, आणि खुनी कोण ते न सांगता. शुक्रवारचा कॉलम हिला.
भाषा बरी आहे. माझ्या सहवासाचा परिणाम.

३१ मार्च
उद्यापासून दुकान. मेहुण्याने स्टूल पुसून ठेवलेय. हिच्या प्रेस शोचा पास दोघांचा आहे. ही म्हणाली, "चला हवं तर. पण शेवटपर्यंत बसायचं." मान्य केले. मेहुण्याकडे सुटी मागितली.
मध्यांतरापर्यंत देतो म्हणाला.